पावडर कोणी घातली

चामराजपेटमधल्या आमच्या घरात सकाळ आवाजांनी व्हायची. कोपऱ्यावर वळताना बसचा ड्रायव्हर गिअर बदलायचा, तेव्हा पुढच्या खोलीच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग समोरच्या दुकानातली कॉफी दळायची चक्की सुरू व्हायची आणि तिच्या घरघरीत फुलवालीची आरोळी मिसळायची. घर लहान आणि लांबट, खोल्या एकामागे एक. पुढे बैठकीची खोली, मग देवाचा कोनाडा असलेली मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यांत मागे, परसाच्या भिंतीला चिकटून, बच्चल. अंघोळीच्या जागेला आम्ही बच्चलच म्हणायचो. तो शब्द कन्नड आहे हे मला फार उशिरा कळलं. आमचे पूर्वज कधी काळी मराठा सरदारांच्या पदरी इकडे आले आणि इथलेच झाले. किती पिढ्या झाल्या ते अण्णांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधे आमची आई. ती भाजीवाल्याशी तावातावाने मराठीत भांडायची आणि आमच्यावर रागावली की कन्नडमध्ये घसरायची.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. बोलणं कमी, घसा खाकरणं जास्त. घराचा कारभार आईच्या हातात होता आणि तिच्या शब्दाबाहेर जायची आमच्यात पद्धत नव्हती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, तिला मी अक्का म्हणायचे, एका बालवाडीत शिकवायची. आणि मी पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं होतं. आमच्या नात्यातल्या मुलींत सायन्स घेणारी मी पहिली, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. मीठ म्हटलं की मी सोडियम क्लोराइड म्हणायचे, आई चुन्याची डबी मागायची तर मी तिला चुन्याचं सूत्र सांगायचे. आज त्या मुलीची मला लाज वाटते, आणि थोडी कीवही येते.

आमच्याकडे लक्ष्मम्मा कामाला होती. मागच्या गल्लीत राहायची. उंच, काटक, चाळिशीची बाई. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती उकिडवी बसली की फरशीचा कोपरा न् कोपरा उजळून निघायचा. आमच्याखेरीज ती आणखी चार घरी जायची, आणि त्या चार घरांच्या बातम्या आमच्याकडे न आणणारी अशी ती एकटीच कामवाली होती, असं आई कौतुकाने सांगायची. आमच्याशी ती तिच्या पद्धतीचं मराठी बोलायची. माझ्या लहानपणी, आई बाळंतपणातून उठून आजारी पडली होती तेव्हा, हिनेच मला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं म्हणे.

त्या रविवारी दुपारी चार वाजता अक्काला बघायला पुण्याची मंडळी येणार होती. मुलगा इथेच एका कारखान्यात नव्याने नोकरीला लागलेला, आणि त्याचे आईवडील खास पुण्याहून आलेले. आई आठवडाभर धास्तावलेली होती. आमचं मराठी ऐकून ते हसतील ही तिची पहिली भीती आणि घर बघून नाक मुरडतील ही दुसरी. "अक्का, त्यांच्यासमोर 'सरी' म्हणू नकोस, 'बरं' म्हण," असं ती पुन्हा पुन्हा बजावत होती, आणि अक्का दर वेळी "सरी" म्हणत होती. सकाळपासून स्वयंपाकघरात केसरीभातासाठी, म्हणजे इकडच्या केशरी शिऱ्यासाठी, रवा तुपात भाजला जात होता, चिरोट्यांच्या लाट्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या. सगळं जमत आलं होतं. फक्त बच्चल आईच्या मनासारखं होत नव्हतं.

आमच्याकडे बोअरचं पाणी यायचं. त्याने बच्चलाच्या फरशीवर पिवळट-तपकिरी थर धरलेला होता, आणि अगदी आतल्या टोकाला, तांब्याच्या हंड्याजवळ जिथे मोरी होती, तिथे तर तो दगडासारखा झाला होता. लक्ष्मम्मा दुपारी बाराच्या सुमाराला ॲसिडची बाटली घेऊन बसली. तेव्हा किराण्याच्या दुकानात काचेच्या जुन्या बाटलीत, बुचाला चिंधी गुंडाळून, ॲसिड सर्रास मिळायचं. तिने ते फरशीभर ओतलं, फेस आला, थर थोडा सुटला, पण डाग गेले नाहीत. मी दाराशी उभी राहून बघत होते. आईने मला मदतीला पाठवलं होतं, आणि मदत म्हणजे सूचना करणं असा माझा समज होता.

"त्याने नाही जायचं," मी म्हटलं. "ब्लीचिंग पावडर टाकू या. डबा आहे आपल्याकडे."

लक्ष्मम्माने मान वर केली. ती अगदी आत, मोरीपाशी गुडघे टेकून बसली होती. "स्वल्प थांब, सुधा. आधी भरपूर नीर ओतते, हे सगळं वाहून जाऊ दे. मग पावडर. दोन्ही एकदम बेडा."

"का नको?"

"का ते मला नाही माहीत. पण एकावर दुसरं घालायचं नसतं. माझी सासू सांगायची. छाती धरते."

"सासू सांगायची!" मी हसले. "अगं, मी केमिस्ट्री शिकते. एकाने इतकं निघालं तर दोन्हींनी दुप्पट निघेल. पाहुणे येऊन उभे राहतील, तू पाणीच ओतत बसशील."

मी स्वयंपाकघरातल्या फडताळाखालून डबा आणला. ती "बेडा, बेडा" म्हणत होती आणि बादली पुढे ओढत होती. मी डबा तिरका केला आणि पावडर फरशीवर सोडली. अर्धा डबा तरी असेल. ती नेमकी मधे पडली, तिच्या आणि दाराच्या मधे, जिथे ॲसिडचं थारोळं साचलेलं होतं.

चुरचुर असा आवाज आला. गरम तेलात ओला हात झटकावा तसा. फेस उठला, आणि त्या फेसावरून काहीतरी फिकट पिवळं-हिरवं जमिनीलगत पसरायला लागलं. मग वास आला. त्याला वास म्हणणंही चूक आहे. नाकातून आत कोणीतरी तापलेली सुई खुपसावी तसं ते होतं. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले, मी दोन पावलं मागे सरले. आणि नेमकं तेव्हाच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, काय घाण वास सोडलाय! केसरीभाताला लागेल तो. दार ओढून घे!"

मी दार ओढून घेतलं.

हे वाक्य लिहायला मला आज या वयातही वेळ लागला. मी घाबरले होते, आई ओरडली होती, हात आपोआप गेला. ही सगळी कारणं खरी आहेत. पण लक्ष्मम्मा आत आहे हे मला माहीत होतं, हेही तितकंच खरं आहे.

पहिल्यांदा खोकला ऐकू आला. तो कोरडा, एकसारखा, मधे श्वासच नसलेला खोकला होता. मग बादली उलटल्याचा आवाज. मग दारावर एक थाप, फार हलकी. मी दार ढकललं. ते आत उघडणारं होतं, आणि चार बोटं उघडून अडलं. फटीतून हिरवी बांगडी भरलेला हात दिसला. ती दारापर्यंत आली होती आणि दारामागेच पडली होती.

"अण्णा!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू येईना.

अण्णा धावत आले. त्यांनी खांदा लावला तशी आतून कण्हल्याचा आवाज आला. "ढकलू नका, ती मागेच आहे," हे म्हणाली अक्का. ती पाहुण्यांसाठी नेसलेल्या नव्या रेशमी साडीत होती, केसांत गजरा. तिने मला काहीच विचारलं नाही. दोरीवरचा पंचा ओढला, परसातल्या हौदात बुडवला, नाकातोंडावर दाबला, मोठा श्वास घेतला आणि त्या फटीतून आडवी होऊन आत शिरली. मला ते आत जाणं अजून दिसतं. आधी खांदा, मग डोकं, मग दाराच्या कडीत अडकलेला पदर तिने एका हिसक्यात फाडून घेतला.

किती वेळ गेला असेल? अण्णा बाहेरून "ओढ, ओढ तिला, मी दार धरतो" म्हणत होते. आई पिठाचे हात तसेच घेऊन उभी होती. मग दार एकदम मोकळं झालं, अण्णांनी वाकून लक्ष्मम्माच्या काखेत हात घातले आणि तिला परसात ओढून आणलं. अक्का तिच्या मागून बाहेर आली आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून ओकली.

लक्ष्मम्माचे ओठ निळसर झाले होते. डोळे लाल, सुजलेले, तोंडाशी फेस. प्रत्येक श्वासाला छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. अक्का स्वतः खोकत होती, तरी तिने हौदातलं पाणी तांब्यांनी लक्ष्मम्माच्या डोळ्यांवर, हातापायांवर ओतायला घेतलं. ओतता ओतता तिने माझ्याकडे पाहिलं.

"आत काय काय घातलंय? डॉक्टर विचारतील."

"ॲसिड," मी म्हणाले. "आणि... ब्लीचिंग पावडर."

"कोणी?"

मी भरलेला तांब्या तिच्यापुढे केला. तिने तो घेतला, पुन्हा विचारलं नाही. अण्णा ऑटो घेऊन आले होते. दोघांनी लक्ष्मम्माला मधे बसवलं, अक्काने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि ऑटो मार्केटजवळच्या इस्पितळाच्या दिशेने गेली. तेव्हा मला वर्गातली वही आठवली. क्लोरीन वायू: रंग हिरवट पिवळा, दर्प उग्र, हवेहून जड. तयार करायची पद्धत: ब्लीचिंग पावडरवर आम्लाची क्रिया. मी आकृती काढली होती, बाणांवर पट्टी ठेवून. सहामाहीत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. हवेहून जड, म्हणून जमिनीलगत राहतो. आणि लक्ष्मम्मा गुडघ्यांवर बसलेली होती.

चार वाजता पुण्याची मंडळी आली. त्यांना निरोप द्यायची सोयच नव्हती. आईने घरभर उदबत्त्या लावल्या होत्या, मागचं दार बंद केलं होतं, तरी घशात ती आग होतीच. मुलाची आई जरीची साडी नेसून खुर्चीच्या टोकावर बसली होती. नवरीमुलगी घरात नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने तिला येत होतं तितकं शुद्ध मराठी गोळा केलं.

"आमच्या कामवाल्या बाईने घोटाळा केला हो. बच्चल... न्हाणीघर धुताना ॲसिडमध्ये भलतंच काहीतरी घालून बसली. जीव जायची पाळी आली. मोठी मुलगी तिला दवाखान्यात घेऊन गेलीय."

"या बायकांना काही सांगायची सोय नसते," त्या म्हणाल्या. "मनाला येईल ते ओततात."

"खरंय," आई म्हणाली.

मी त्या वेळी हातात ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. केसरीभाताच्या चार बश्या, त्यांवर काजू लावलेले. बोलायचं असेल तर आत्ता, असं माझ्या आत कोणीतरी म्हणत होतं. मी पुढे झाले, प्रत्येकाच्या हातात बशी दिली, आणि पाणी आणायला आत गेले. पाहुणे गेल्यावर पाच-सहा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. अक्काने ते वाचून आईच्या हातात दिलं आणि बालवाडीत निघून गेली. तिचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, चांगलं झालं. पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

लक्ष्मम्मा तीन दिवस इस्पितळात होती. पहिली रात्र बरी गेली तरी फुप्फुसांत नंतर पाणी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं. अण्णा कचेरीतून परस्पर तिकडे जायचे. घरी आले की आई विचारायची आणि ते एवढंच सांगायचे, "ऑक्सिजन लावलाय." चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. त्याच सुमाराला आईने दुसऱ्या बाईची चौकशी सुरू केली. आणि आठवड्याभरात मला कळलं की उरलेल्या चार घरांनीही लक्ष्मम्माला येऊ नको म्हणून सांगितलंय. ही बाई ॲसिडचे खेळ करते, उद्या आमच्या घरात काही झालं तर? बातमी आमच्याच घरातून, आईच्याच तोंडून गेली होती. आई खोटं बोलली नव्हती. तिला जे खरं वाटत होतं तेच तिने सांगितलं होतं.

माझं अन्न तुटलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली उघडली की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे. शेवटी एका संध्याकाळी मी मागच्या गल्लीत गेले. लक्ष्मम्मा दारात चटईवर, भिंतीला टेकून बसली होती. इतकी लहान मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि रडायलाच लागले. "लक्ष्मम्मा, मी घातली ग पावडर. तू नको म्हणत होतीस. मी दार ओढलं. मला माफ कर."

तिने मला रडू दिलं. मग थांबत थांबत, दर दोन शब्दांनी श्वास घेत म्हणाली, "मला काय सांगते? मी होते तिथे. मला माहीत आहे." ती खोकली. "ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग."

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी पहिल्या घरी गेले. तिथल्या मावशी भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं. पावडर मी घातली, ती नको म्हणत होती, तुम्ही तिला परत कामावर घ्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस बाळ." दुसऱ्या घरच्या बाई हसल्या. "अगं, कामवालीसाठी तू कशाला स्वतःवर घेतेस? शिकलेली मुलगी तू." मी पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा हसल्या. तिसऱ्या घरच्या मामींनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. त्या आईच्या भजनातल्या मैत्रीण होत्या. मी घरी पोचायच्या आत त्या मागच्या रस्त्याने आमच्याकडे पोचल्या होत्या.

मी आत शिरले तेव्हा त्या नुकत्याच गेल्या होत्या. आई मधल्या खोलीत उभी होती. "गावभर दवंडी पिटत फिरतेस? पाहुण्यांसमोर, भजनात, सगळ्यांना मी काय सांगून बसले, आणि तू..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता तेही बोलणार.

"किती घरं झाली?" त्यांनी विचारलं.

"तीन."

ते उठले. खुंटीवरचा कोट घातला, जो ते फक्त कचेरीत आणि लग्नकार्यात घालायचे. "चल. चौथ्या घरी मी येतो."

आम्ही गेलो.  मी सांगत होते तेवढा वेळ अण्णा माझ्या शेजारी, हात मागे बांधून उभे होते. त्या घरच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि म्हणाले, "सोमवारपासून पाठवा तिला. जमेल तेवढंच करू दे म्हणावं." पुढच्या महिन्याभरात चारांपैकी तीन घरांनी तिला परत बोलावलं. हसणाऱ्या बाईंनी नाही.

हल्ली मी शहराच्या टोकाला, येलहंकाला मुलाकडे असते. शेजारच्या फ्लॅटमध्ये नागपूरचं जोडपं आहे, दोघंही आयटीत. मध्यंतरी त्यातली मुलगी बाथरूम साफ करायच्या दोन बाटल्या हातात घेऊन माझ्याकडे आली. "आँटी, हे दोन्ही मिक्स केलं तर जास्त स्ट्राँग होईल ना?" एक ॲसिडवाली, दुसरी ब्लीचची. मी तिच्या हातातून एक बाटली जवळजवळ हिसकावून घेतली. ती बिचारी दचकली. तिला बसवून, चहा देऊन, मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण बाटलीवर लिहिलेलं असतं का हे?" असतं, बारीक अक्षरात. माझ्या तर वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

त्या वेळी, चौथ्या घरून परतल्यावर, आई माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. ताट वाढायची, कपडे घडी करून ठेवायची, पण शब्द नाही. अक्काने मधे पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग एका शुक्रवारी आईने डब्यात चिरोटे भरले, मला म्हणाली, "चप्पल घाल," आणि आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. आईने त्या गल्लीत पाऊल टाकलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लक्ष्मम्मा आम्हाला बघून उठायला लागली. आईने तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्या चटईच्या कडेवर बसली.

"परत ये आमच्याकडे," आई म्हणाली.

लक्ष्मम्माने मान हलवली. "नाही अम्मा. बाकीच्या घरी जाईन. तुमच्या बच्चलात आता नाही जमणार. दारापाशी आले तरी श्वास धरेल."

"मी न विचारता बोलले, लक्ष्मम्मा," आई म्हणाली. "तुला एकदा विचारायला हवं होतं."

"सरी अम्मा," ती म्हणाली. डबा तिने घेतला. परत मात्र ती कधी आली नाही. पुढे पुष्कळ वर्षं ती रस्त्यात भेटायची, माझ्या लग्नालाही आली. पण जिना चढताना, बोलताना, हसताना तिचा श्वास मधेच अडकायचा, तो शेवटपर्यंत.

परतताना आई भरभर चालत होती, मी मागे. कोपऱ्यावर फुलवाली टोपली मांडून बसली होती. तिथे आई थांबली. मला वाटलं फुलं घेणार. ती माझ्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"चार घरी जाऊन सांगितलंस," ती म्हणाली. "पाचवं आपलं होतं. तिथे नाही सांगितलंस."

बस वळत होती, ऑटो हॉर्न वाजवत होत्या, फुलवाली "घ्या अम्मा, घ्या" म्हणत होती. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभी राहून, आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, बाटलीच्या बुचावरच्या चिंधीपासून. "दार ओढून घे" असं तू ओरडलीस, इथपर्यंत सांगून मी थांबले. आईने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "पुढे सांग."

मी पुढे सांगितलं.